सोयीचं पद घ्यावं, की हक्काचं मागावं?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

‘माझं वय ३४. पुण्यातच हॉटेल मॅनेजमेंट केलं. ट्रेनी म्हणून लागले ती आज विमाननगर भागातल्या एका मोठ्या बिझनेस हॉटेलात सहायक फ्रंट ऑफिस (रिसेप्शन, चेक-इन सांभाळणारा विभाग) मॅनेजर आहे. राहायला कोथरूडला. घरी नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. आमच्या फ्रंट ऑफिस मॅनेजरची बदली झाली आणि जागा रिकामी झाली. मला विचारतील असं वाटलं होतं. जी.एम. (जनरल मॅनेजर) सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की, “तुमची घरची परिस्थिती लक्षात घेऊन” ते मला ट्रेनिंग मॅनेजर करणार आहेत. नऊ ते सहा, रविवारी सुट्टी, पगार जवळजवळ तेवढाच. फ्रंट ऑफिससाठी ज्याचं नाव चाललंय तो मुलगा माझ्याच हाताखाली तयार झालाय. सासूबाई म्हणतात, देवानेच ऐकलं. माझी गाडी खाली आल्याचा आवाज येईपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. मिस्टरांची कशालाच हरकत नाही. कोणीही वाईट वागलेलं नाही, त्यामुळे तक्रार तरी काय करू? पण त्या दिवसापासून कामात मन नाही. हे पद नाकारलं तर मी हट्टी आई ठरेन का? आणि आत्ता घेतलं, तर मुलगी मोठी झाल्यावर ऑपरेशन्समध्ये, म्हणजे हॉटेलच्या रोजच्या प्रत्यक्ष कामात, परत येता येईल का? महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे.’

प्रिय मैत्रीण,

सरांनी तुमची घरची परिस्थिती लक्षात घेतली, असं तुम्ही लिहिता. ती त्यांना कोणी सांगितली? रात्रीच्या ड्युट्या झेपत नाहीत, असं तुम्ही त्यांना कधी म्हणालात का? पत्रात तसं काही नाही. उलट त्यात एक प्रसंग आहे. ऐन लग्नसराईत वऱ्हाड लॉबीत येऊन उभं, आणि सिस्टीम बंद. तुम्ही हाउसकीपिंगकडून तयार खोल्यांची यादी कागदावर मागवलीत, रजिस्ट्रेशन कार्डं हाताने भरून घेतलीत, नवरदेवाच्या आजोबांना आधी खोलीत पाठवलंत आणि रात्री दीडपर्यंत सगळं मार्गी लावलंत. जिला हे जमतं तिला फ्रंट ऑफिस मॅनेजरचं काम जमणार नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. तसं कोणी म्हटलेलंही नाही. त्याऐवजी तुमच्या सोयीचा विषय निघाला.

हॉटेलच्या मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षं काढली. बढतीच्या बैठका आतून पाहिल्या आहेत. पुरुषाचं नाव निघालं की त्याच्या गेस्ट स्कोअरबद्दल (पाहुण्यांनी दिलेल्या गुणांबद्दल), त्याच्या टीमबद्दल बोललं जातं. बाईचं नाव निघालं की कोणीतरी, बहुतेक वेळा अगदी आपुलकीने, म्हणतं, ‘तिचं मूल लहान आहे, उगाच तिच्यावर लोड नको.’ ज्याच्या बायकोची नुकतीच डिलिव्हरी झाली आहे अशा माणसाबद्दल मी हे वाक्य कधी ऐकलं नाही. त्याच्याबाबतीत ‘आता खर्च वाढणार त्याचा’ असं म्हणून बढतीचं पारडं जड होतं. बोलणारी माणसं दुष्ट नसतात. तुमचे सरही नसतील. पण चांगल्या मनाने घेतलेला असला, तरी तो निर्णय तुमच्या वतीने दुसऱ्याने घेतला. तो बदलून मागायला आधी कोणी वाईट वागायला हवं, अशी अट कुठे आहे? तक्रार करूच नका. मागणी करा.

आता रात्रींचं. तुम्ही आणि घरचे सगळेच असं धरून चालला आहात की वरचं पद म्हणजे आणखी रात्री. हॉटेलात बहुतेक वेळा उलट असतं. सगळ्यात जास्त रात्री आणि ब्रेक शिफ्ट (दिवसात दोन तुकड्यांत केलेली ड्युटी) भरते ती मधली फळी: ड्युटी मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर. आज तुम्ही तिथेच आहात. खातेप्रमुख झाल्यावर रोजच्या शिफ्टच्या चक्रातून माणूस बाहेर पडतो. मग मॅनेजर ऑन ड्युटीची, म्हणजे त्या वेळी अख्ख्या हॉटेलची जबाबदारी घेण्याची, पाळी येते, ती सगळ्या खातेप्रमुखांमध्ये वाटलेली असते. शिवाय शिफ्टचा चार्ट तुम्हीच बनवणार. म्हणजे सगळ्यात अवघड वर्षं तुम्ही काढलीत, आणि रात्री कमी होणार त्या उंबरठ्यावर रात्रींचं कारण देऊन तुम्हाला दुसऱ्या दारातून नेलं जातंय. हे सासूबाईंना माहीत असण्याचं कारण नाही, पण तुमच्या जी.एम. सरांना पक्कं माहीत आहे.

त्या खुर्चीत सुख आहे असं मात्र मी सांगणार नाही. दहा-अकरा तासांचा दिवस ठरलेला. ओव्हरबुकिंग झालं की फोन तुम्हालाच. पुण्याच्या बिझनेस हॉटेलात सोमवार ते गुरुवार कंपन्यांचे पाहुणे आणि शनिवार-रविवार लग्नं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग दोन सुट्ट्या मिळणं मुश्कील. मुलीच्या गॅदरिंगच्या दिवशीच मोठा ग्रुप चेक-इन होईल, असंही घडेल. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवा.

ट्रेनिंगचं पद हलकं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. चांगला ट्रेनिंग मॅनेजर अख्ख्या हॉटेलची चाल बदलतो. पण ही दोन पदं दोन वेगळ्या रस्त्यांवरची आहेत, आणि हे तुम्हाला कोणी मोकळेपणाने सांगितलेलं दिसत नाही. जी.एम. साधारणपणे होतो तो ज्याने महसुलाची जबाबदारी पेललेली असते: रूम्स, फूड अँड बेव्हरेज, सेल्स, रेव्हेन्यू. भारतातल्या हॉटेलांच्या शिखरावरच्या बायका म्हणून प्रिया पॉल आणि ज्योत्स्ना सुरी यांची नावं नेहमी घेतली जातात. दोघींचं कर्तृत्व मोठंच. पॉल यांनी १९९० मध्ये वडिलांच्या हत्येनंतर पार्क हॉटेल्सची धुरा घेतली, सुरी यांनी २००६ मध्ये पतीच्या निधनानंतर आजच्या ‘ललित’ हॉटेलांची. पण घरची मालकी पाठीशी असल्याने त्यांना फ्रंट ऑफिसच्या पायऱ्या चढून यावं लागलं नाही. ट्रेनी म्हणून लागलेल्या मुलीला वर जायला तेवढा एकच जिना असतो. हॉटेलात बायका ट्रेनिंग, एच.आर. आणि पी.आर.मध्ये खूप दिसतात आणि जी.एम.च्या केबिनमध्ये अगदी कमी. त्याची सुरुवात अशाच ‘तुमच्या सोयीसाठी’ झालेल्या बदल्यांतून होते, असं माझं ठाम मत आहे.

पगाराचं ‘जवळजवळ तेवढाच’ हेही नीट तपासा. सीटीसीचा, म्हणजे वर्षाच्या एकूण पगारखर्चाचा, आकडा सारखा दिसला तरी अपसेलचा (पाहुण्याला वरच्या दराची खोली किंवा जादा सेवा विकण्याचा) इन्सेंटिव्ह फ्रंट ऑफिसला असतो, ट्रेनिंगला नसतो. खातेप्रमुखाचा बोनस बऱ्याच ठिकाणी हॉटेलच्या कामगिरीला बांधलेला असतो. मुख्य म्हणजे तुलना आजच्या पगाराशी करू नका. फ्रंट ऑफिस मॅनेजर म्हणून जो मिळाला असता त्याच्याशी करा.

तुमच्या पत्रातली आणखी एक समजूत मला फार ओळखीची वाटली: ‘मला वाटलं होतं विचारतील.’ आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की काम चोख करावं, बाकी लोकांना दिसतंच. दिसतं खरं, पण जागा रिकामी झाल्यावर ज्याने आधी जाऊन ‘सर, मला ही जागा हवी आहे’ म्हटलं त्याचं नाव आधी आठवतं. तुमच्या त्या ज्युनिअरने तसं म्हटलं असेल, तर त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्याच्यावर राग धरू नका. उद्या तो तुमच्याच टीममध्ये असणार आहे. तुम्ही मात्र एवढ्या वर्षांत ही इच्छा कोणाला बोलून दाखवली होती का? अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘पुढील उद्दिष्ट’ अशी ओळ असते. तिथे गेल्या वर्षी काय लिहिलं होतं, ते एकदा उघडून बघा. बहुतेक बायका तिथे ‘आणखी शिकायचं आहे’ असं लिहितात.

म्हणून पहिलं काम: एक पान तयार करा. ‘सांभाळून घेतलं’, ‘टीमवर्क’ असले शब्द त्यात नकोत. तुम्ही आल्यानंतर फ्रंट ऑफिसचे गेस्ट स्कोअर किती होते आणि किती झाले, अपसेलमधून महिन्याला किती रक्कम आली, तुमच्या शिफ्टमधली किती पोरं सोडून गेली आणि किती टिकली, ऑडिटमध्ये काय शेरा आला. हे आकडे तुमच्याच सिस्टीममध्ये आणि रिपोर्टांमध्ये पडलेले आहेत. वऱ्हाडाची ती रात्रही दोन ओळींत लिहा. त्या वेळचं लॉगबुक आणि पाहुण्यांची प्रतिक्रिया असेल तर सोबत ठेवा. तुमच्यात कमी काय आहे तेही आधीच लिहा. रेव्हेन्यूचा (खोल्यांचे दर आणि विक्री ठरवण्याचा) अनुभव कमी असेल तर ‘पहिल्या तीन महिन्यांत रेव्हेन्यू मीटिंगला रोज बसेन’ असं स्वतःहून म्हणा. समोरच्याने कमतरता काढण्याआधी आपण तिचा उपाय मांडला की बोलणं वेगळ्या वळणावर जातं.

घराबद्दल लिहिताना मी जरा जपून लिहिते, कारण घर तुमचं आहे. तरीही सासूबाईंचं ते वाक्य मला दोनदा वाचावंसं वाटलं. गाडीचा आवाज येईपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. तुम्ही त्यातून ‘रात्रीचं काम सोडावं’ असा अर्थ काढलात. मला त्यात काळजी आणि जागरण दिसलं. सकाळी नातीचा डबा, तिला बसपर्यंत सोडणं, संध्याकाळी आणणं, हे त्यांच्याकडेच असेल तर त्या खरोखर दमलेल्या असतील. त्यांना दोष देण्याआधी किंवा त्यांच्यासाठी पद सोडण्याआधी विचारून बघा: आई, तुम्हाला नेमकं काय जड जातंय? उत्तर ‘सकाळचं उठणं’ असं असेल, तर सकाळची कामं दुसऱ्या कोणीतरी घेतली की प्रश्न सुटतो. त्यासाठी नोकरीची दिशा बदलायची गरज नाही.

आणि ते दुसरं कोणीतरी घरातच आहे. मिस्टरांबद्दल पत्रात एकच ओळ आहे, आणि ती हरकत नसल्याची आहे. हरकत नसणं चांगलंच, पण त्याने मुलीचा डबा भरला जात नाही. त्यांच्यासमोर ‘तुम्हाला काय वाटतं’ असा प्रश्न ठेवू नका. आठवड्याचा कागद ठेवा: सोमवार ते रविवार, सकाळ, संध्याकाळ, रात्र. माझ्या मॅनेजर ऑन ड्युटीच्या रात्री कोण घरी असणार, तिला ताप आला तर शाळेतून पहिला फोन कोणाला जाणार, लग्नसराईतले शनिवार कोणाचे. पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांमध्ये घरून काम करण्याचे दिवस मिळतात. तसे दिवस मिळतात का, आणि ते तुमच्या ड्युटीला जुळवून घेता येतात का, हे त्यांनी त्यांच्या ऑफिसात विचारायचं आहे. तुमच्या ऑफिसने तुमच्या आईपणाचा विचार न विचारता केला. त्यांच्या ऑफिसला तो प्रश्न एकदा तरी ऐकू दे. हट्टी आई कोण ठरतं हे मला माहीत नाही. पण पाच वर्षांची मुलगी आई कामावर जाते म्हणून दुखावत नाही. शाळेतून न्यायला आज कोण येणार हे तिला नक्की ठाऊक नसलं, तर ती बावरते. ते नक्की करणं तुमच्या दोघांच्या हातात आहे.

घरी परतण्याच्या प्रवासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न हॉटेलात काम करणाऱ्या प्रत्येकीचा आहे. वनाज ते रामवाडी मेट्रोमुळे कोथरूडहून विमाननगरला दिवसाच्या ड्युटीला जाणं आता सोपं झालंय, पण संध्याकाळची शिफ्ट सुटून हॅण्डओव्हर होईपर्यंत शेवटची मेट्रो गेलेली असते. ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७’ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि तिच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. एक बारकावा मात्र फार कमी जणींना माहीत असतो: व्यवस्थापकीय आणि देखरेखीची पदं या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे रिसेप्शनवरच्या मुलीला जे कायद्याने मिळतं, ते मॅनेजर झाल्यावर आपोआप मिळेलच असं नाही. म्हणून बढतीच्या पत्रातच लिहून घ्या: रात्री साडेनऊनंतर ड्युटी संपल्यास हॉटेलची गाडी, दारापर्यंत. गाडीत बाई एकटी शेवटी उरणार नाही असा मार्ग, नाहीतर सोबत सुरक्षारक्षक. २००७ मध्ये याच शहरात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने जीव घेतला होता. ही अट मागताना कोणी ‘कशाला एवढं’ म्हटलं, तर तिचं नाव न घेताही या घटनेची आठवण करून द्या.

आता समजा, हे सगळं वाचून तुम्हाला आतून वाटलं की नाही, मी खरंच थकले आहे, मला दोन वर्षं संध्याकाळी सातला घरी यायचं आहे. तर ट्रेनिंगचं पद घ्या, खुल्या मनाने घ्या, आणि कोणालाही खुलासा देत बसू नका. मी भांडते आहे ते निवड तुमची असावी म्हणून. फक्त ‘मला हे चालेल’ आणि ‘मला नाही म्हणता आलं नाही’ यातलं तुमचं उत्तर कोणतं, ते स्वतःला प्रामाणिकपणे सांगा. पत्रावरून मला तरी दुसरं वाटलं.

सरांनी तरीही नकार दिला, तर? तुमचं एक बळ तुम्ही मोजलेलं नाही. पुण्यात आता मोठी हॉटेलं एका भागात नाहीत. कोरेगाव पार्क, सेनापती बापट रस्ता, खराडी, हिंजवडी, वाकड अशी पसरली आहेत. शहर न सोडता मालक बदलता येतो, ही सोय लहान गावातल्या किंवा रिसॉर्टमधल्या मुलींना नसते. तुमच्याच साखळीचं दुसरं हॉटेल शहरात असेल, तर तिथली जागा आधी बघा. नोकरीची सलगता राहते. लाइनच सोडण्याचा विचार मात्र रागाच्या भरात करू नका. मोठी रुग्णालयं, आयटी कॅम्पस, ज्येष्ठांच्या निवासी वसाहती फ्रंट ऑफिसच्या लोकांना आनंदाने घेतात, आणि ती कामं चांगलीही आहेत. पण तिथून हॉटेलात परत त्याच पायरीवर येणं जवळपास अशक्य.

या लाइनमधल्या इतर मुलींसाठी दोन गोष्टी. आई होऊ घातलेल्यांनो, कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि रजेच्या काळात तुमच्या सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करता येत नाहीत. रजेवर जाण्याआधी ‘परत आल्यावर हेच पद’ असं ईमेलवर नोंदवून घ्या. आणि किचनमध्ये, बारमध्ये, खोल्यांवर काम करणाऱ्यांनो, लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पाहुण्यांच्या वागण्यालाही लागू आहे. ‘गेस्ट आहे, जाऊ दे’ हे कोणत्याही मॅनेजरचं अधिकृत उत्तर असू शकत नाही. कंत्राटी हाउसकीपिंगच्या बायकांनाही अंतर्गत समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

तुमचा शेवटचा प्रश्न, परत येता येईल का. येता येतं, पण सहज नाही. दोन वर्षांत सिस्टीम बदलते, कंपन्यांचे करार सांभाळणारी माणसं बदलतात, आणि तुमच्या जागेवर बसलेला तुमच्या वर गेलेला असतो. म्हणून तुम्ही ट्रेनिंगचं पद स्वीकारायचं ठरवलंच, तर तीन अटी घाला: मुदत दोन वर्षांची, मॅनेजर ऑन ड्युटीच्या यादीत नाव कायम, आणि मुदत संपल्यावर रूम्स विभागातल्या खातेप्रमुखाच्या पहिल्या रिकाम्या जागेसाठी तुमचा विचार. तिन्ही लेखी.

माझं मत विचारलंत तर फ्रंट ऑफिस मॅनेजरची जागा मागा. महिनाअखेरची वाट पाहू नका. याच आठवड्यात सरांची वेळ घ्या. सकाळच्या ब्रीफिंगनंतरची घ्या, चेक-आउटच्या गर्दीतली नको. ते पान समोर ठेवा आणि म्हणा, ‘सर, तुम्ही माझा विचार केलात त्याबद्दल आभार. पण माझी घरची व्यवस्था मी केलेली आहे. मला फ्रंट ऑफिस मॅनेजर व्हायचं आहे. माझ्यात काय कमी आहे असं तुम्हाला वाटतं, ते मला सांगा.’ मग थांबा. शांतता पसरली तरी मध्ये बोलू नका. ती भरून काढायची सवय आपल्याला फार असते. ते जे सांगतील ते तिथेच लिहून घ्या, आणि त्याच संध्याकाळी ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून त्यांना ईमेल पाठवा, एच.आर.ला प्रत ठेवून.